पाणकावळ्याच्या पोटातला किडा

धाकट्या नातीचं लग्न झालं त्या साली, तळ्यावर मासे धरणारा उत्तरेश्वर वडवणीच्या बसस्टँडवर कॉलेजातल्या दोघींच्या मागं बसला होता.

"युसूफचाचांकडं कोणत्या तोंडानं जाऊ, सुरेखाताई?"

"कावून गं, दिपाली?"

"माशातला काटेरी डोक्याचा किडा अन् पाणकावळ्यातला, मी माझ्या शोधनिबंधात दोन जाती म्हणून छापल्या. चाचा म्हणले होते, एकच हाय. माशात लेकरू असतो, पाखरात मोठा होतो."

"मग?"

"मी हसले. म्हणलं, तुमी जाळं सांभाळा. त्यांचे जोडीदार उत्तरेश्वरमामाबी हसले. काल भिंगाखाली डोक्यावरच्या काट्यांच्या रांगा मोजल्या. सारख्याच निघाल्या."

"माफी माग."

"त्यालाच निघालेय."

उत्तरेश्वरनं रुमाल तोंडावर ओढला.

युसूफ मागल्या जुम्म्याला, दुपारच्या नमाजाआधी वारला होता.