गोडी रेती

...डांबर फासून झालं, पत्रे ठोकून झाले, गेल्या साली सिमेंटचा रंग दोनदा मारला, आणि वर्सोव्यातल्या माझ्या घराची समुद्राकडची भिंत ओली ती ओलीच. पावसाळ्यात ओली, मी समजू शकतो. पण मे महिन्यात? बोंबील दोन दिवसांत कडक सुकतात आणि भिंत नऊ वर्षं सुकत नाही? हात लावला की पांढरी पूड... माझ्या बायकोचं, सुगंधाचं, एकच, "बाहेरून पाणी येतंय, तुमचं लक्ष नाही." अगं, माझं नाही तर कुणाचं आहे?

शेवटी धोंडू गवंड्याला बोलावला. त्याने बाहेरचा गिलावा फोडला, ढेकूळ कुस्करलं, त्यातला शिंपला माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, "काका, पाणी कुठूनच येत नाही. ही समुद्राची रेती. तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढतं. आणली कुणी?"

कुणी म्हणजे? लवूने. सख्खा भाऊ, तुम्हाला सांगतो. अठ्ठ्याहत्तर साली घर बांधलं तेव्हा म्हणाला, "दादा, तू दगदग करू नको, मी होडीने वैतरणा नदीची गोडी रेती आणतो." जन्म माझा समुद्रावर गेला. गिलाव्यात शिंपले दिसले तेव्हा मला काय वाटलं? नदीतही असतील. भाऊ सांगतोय ना...

गेलो त्याच्याकडे, चार घरं सोडून. त्याची भिंत खडखडीत कोरडी. म्हटलं, "लवू, माझी रेती कुठली?"

"मनोरीच्या किनाऱ्यावरची. वैतरणेला जायचं तर भरती गाठावी लागते रे दादा."

"आणि तुझ्या घराची?"

"वैतरणेची."

"का?"

तर म्हणतो कसा, "मालन माझी बायको, ती चिमूटभर जिभेवर ठेवून बघते. तू कुठे बघतोस? तू विश्वास ठेवतोस."

सख्खा भाऊ, तुम्हाला सांगतो.

आता नवी रेती त्यानेच आणली, चूक भरून काढायची म्हणून. अख्ख्या गल्लीसमोर मी चिमूट उचलली, जिभेवर ठेवली. गोडी होती. थुंकलो, मान हलवली, आण म्हटलं आत. तर लवूचे डोळे भरून आले. "दादा, सख्ख्या भावावर एवढा अविश्वास?" आणि गल्ली कुणाकडे बघतेय? माझ्याकडे.

महिना झाला, लवू माझ्याशी बोलत नाही. नवा गिलावा सुकला, भिंत कोरडी झाली, आणि सुगंधा म्हणते, "त्याचं मन दुखावलंत तुम्ही, जाऊन माफी मागा."

निघालोय. काय करता, सख्खा भाऊ...