माग विकून भरलेली फी

…अन् मी म्हणतो, यात माही काय चूक? तुमाले सांगतो, मले कोणी समजावून सांगितलं असतं त मी ऐकलं नसतं का? आता शोभानं सांगितलं होतं म्हणा, पण बायको फुकटात सांगते, अन् फुकटच्याले काय किंमत असते?

झालं असं, आमचा चंदन बीएस्सी होऊन घरीच बसून होता. म्हणे, "बाबूजी, नागपूरले कोडिंगचं बूटकॅम्प आहे, चार महिन्यात नोकरी." गेलो पाहाले. काचेची केबिन, एसी असा का माह्या दाढा वाजून राहिल्या, अन् समोरची मॅडम म्हणते, "सर, बस चार महीने, और बेटा सीधा डेव्हलपर." फी नव्वद हजार. म्हटलं, नोकरीची गॅरंटी? "गॅरंटी नहीं सर, असिस्टन्स है." आता असिस्टन्स म्हणजे काय हे इचाराची मले त्या एसीत लाज वाटली.

घरी शोभा म्हणे, "अजी, शेजारची मोनिका आपल्याच हातमागापाशी धाग्याच्या कांड्या भरता भरता मोबाईलवर तेच शिकून राहिली, एक पैसा नाही लागत." म्हटलं, चूप, फुकटच्याले काय किंमत असते? अन् विकला बाप्पा, बापाच्या हातचा, कोशाचं रेशीम विणाचा माग, सामानासकट, गल्लीतल्या भैय्यालाल विणकराले. तो घासाघीस करू लागला तव्हा त्यालेही हेच फुकटच्या किमतीचं सुनावलं. नाहीतरी चंदनले मी मागाजवळ कधी फिरकू दिलं होतं का? तू अभ्यास कर म्हणून.

चार महिने झाले, सर्टिफिकेट आलं, माग होता तिथल्याच भिंतीवर टांगलं. नोकरी? असिस्टन्स सुरू आहे. पोट्टा दिवसभर लॅपटॉपपुढे. "बाबूजी, एरर येऊन राहिली." कुठी? "तेच त नाही समजत." सरले इचार ना. "सरची नवी बॅच सुरू झाली."

अन् परवा मोनिका पेढे घेऊन हजर, पुण्याच्या कंपनीत लागली. मले वाटलं, इनं चोरून कुठी फी भरली असंल. म्हटलं, पोरी खरं सांग, क्लास कोणता? त म्हणते कशी, "काकाजी, व्हिडिओ त सारेच पाहातात, अडलं का उठून जातात. तुमचा एक धागा तुटला त तुम्ही माग थांबवून एकेक धागा बोटानं चाचपत जात होते, सापडल्याबिगर उठत नव्हते. पाहून पाहून मलेही तीच सवय लागली."

चाळीस वर्षं आपण फुकटात क्लास चालवला, अन् घरच्याच पोराले बाहेर ठेवलं. लय वाईट वाटलं, खरं सांगतो.

म्हटलं, बाई, चंदनले शिकव, सांग फी. म्हणे, "फी नको काकाजी. दोन महिने त्याले मागावर बसवा, मंग पाठवा."

आता माग कुठी? गेलो भैय्यालालकडे, पोराले संगं घेऊन. माह्याच मागावर बसून हात न थांबवता म्हणते, "शिकवतो ना गोपाळराव. महिन्याचे दोन हजार पडतील."

म्हटलं, अरे, माग माहा होता ना बे?

म्हणे, "होता ना. पण फुकटच्याले काय किंमत असते?"

भरली बाप्पा, दोन्ही महिन्यांची एकदमच.