फोनवरून चालवलेला टेप

टेपचं म्हणताय, तर मला आमचा टेप एकदा फोनवरून चालवावा लागला होता. मी तेव्हा भिवपुरीच्या वीजघरात ऑपरेटर होतो. कधीही ड्युटीवर बोलावतील म्हणून कॉलनीतल्या आमच्या घरी फोन दिलेला होता.

माझे वडील, आबा, जन्मभर दहिवलीच्या देवळात भजनाला पुढे उभे राहून गायले. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली. एका दुपारी वीजघरात बायकोचा फोन आला.

"अहो, आबा सारखं टेपकडं बोट दाखवतायत. बटण दाबलं, पण कॅसेट फिरतच नाय."

मशीन सोडून मला हलता येत नव्हतं. मी विचारलं, "दिवा लागतोय?"

"लागतोय."

"कॅसेट काढून परत घाल."

"घातली. नाय फिरत."

"आबा काय करतायत?"

"बोट खाली घेत नायत."

मग मला आठवलं, आजारपणाआधी आबांचं भजन भरून घेतल्यावर माईक टेपला तसाच लावलेला राहिला होता.

"अगं, बाजूला माईकची वायर हाय बघ. माईकचं बटण बंद असलं की कॅसेट फिरत नाय. ती वायर उपटून टाक."

थोड्या वेळानं टाळ ऐकू आले आणि त्यावर आबांचा भरदार आवाज.

मी विचारलं, "ऐकतायत का?"

"ओठ हलवतायत," ती म्हणाली. "पण टेपबरोबर नाय. ओळ संपली की मागनं म्हणतायत, टाळकऱ्यांसारखे."

कॅसेटची बाजू संपेपर्यंत आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही.