लाकडी चिमटे

सून : ज्या माणसानं माझी ही ड्यूटी लावलीय ना, त्यानं जन्मात कधी एका लेकराला शाळेतून घरी आणलेलं नाही. लिहून घ्या माझ्याकडून. सोमवार ते शुक्रवार सलग दुपारपाळी. विचारलं का एका शब्दानं? वॉर्डाच्या दारावर कागद डकवला आणि साहेब गेले निघून. नर्स म्हणजे काय, ह्यांनी सरकवायचं स्टूल?

मुलगा : हळू बोल जरा. चिमणी शेजारी खेळतेय, भिंत पातळ आहे. चल, आठवड्याची दोरी लावून टाकू, कुठल्या वाराला कुणाचा चिमटा ते. सोमवारी तिला शाळेतून कोण आणणार, जेवायला कोण घालणार?

सून : कोण म्हणजे? मी वॉर्डात. तू पहाटेपासून पाव भाजून आलेला, दुपारी घोरत पडणार. आई आणतील. लाकडी चिमटा लाव सोमवारला. मंगळवारलाही लाव. खरं म्हणजे पाचही दिवस लावून मोकळा हो.

मुलगा : लाकडी चिमटे नाहीयेत.

सून : डब्यात बघ की.

मुलगा : डब्यातच बघतोय. तुझे निळे आहेत, माझे लाल आहेत. माझे तर कोरे करकरीत, दुकानातून कालच आणल्यासारखे. आईचे लाकडी तेवढे गायब.

सून : आई, अहो तुमचे चिमटे कुठं गेले?

सासू : कामावर गेलेत.

मुलगा : कोण कामावर गेलंय?

सासू : चिमटे. आणि बुधवारपासून मीही जाणार आहे.

मुलगा : आई, सकाळपासून तुला कोणी भेटलं नाही वाटतं थट्टा करायला.

सासू : थट्टा नाही रे. कोपऱ्यावर ती शिवणवाली आहे ना, तिनं नाट्यगृहाच्या पडद्याचं काम घेतलंय. एवढं जाड कापड, की टाचणी लावली की वाकते. मी भाजी घेऊन येत होते, तर ही बाई एकटीच कापडाला शिव्या घालत बसलेली. म्हटलं, अगं टाचण्या कशाला, दुमड धर आणि चिमटे लाव. घरी आले, डबा उपडा केला, नेऊन दिले. मग म्हटलं आलेच आहे तर एक कड मारून बघू.

सून : आणि?

सासू : आणि काय, संध्याकाळ झाली. ती म्हणाली, मावशी, बुधवार-शुक्रवार याल का? मी हो म्हटलं.

मुलगा : आम्हाला न विचारता?

सासू : तुम्ही मला कधी विचारलंत?

मुलगा : आता ते काय...

सासू : नाही, सांग ना. मघापासून बायको तुझी त्या साहेबाच्या नावानं खडे फोडतेय. त्यानं निदान कागद तरी डकवला. माझा आठवडा मला दोरीकडं बघून कळतो. जिथं तुमचं कुणाचं जमत नाही तिथं लाकडी चिमटा. बरोबर आहे की नाही, सूनबाई?

सून : बरोबर आहे.

सासू : रागावून म्हणतेस की खरं म्हणतेस?

सून : खरं म्हणतेय, आई. रागही आलाय. पण तो माझाच मला आलाय.

सासू : मग असू दे. आणि ऐका, चिमणी मला जड झालेली नाही. ती नसली तर मला घर खायला उठतं. पण ती झाली त्या आठवड्यात मी माझ्या शिवणाच्या मशीनवर चादर टाकली, ती आजतागायत काढली नाही. परवा त्या बाईच्या मशीनवर बसले तर पाय आपोआप चालायला लागले. मलाच हसू आलं.

मुलगा : बुधवार माझा. लाल चिमटा लावतो.

सून : तू झोपेत दाराची बेल ऐकत नाहीस.

मुलगा : झोपणारच नाही. तिला आणतो, जेवायला घालतो, मग संध्याकाळी आडवा होतो.

सासू : आणि जेवायला काय घालशील?

मुलगा : पाव.

सासू : वाटलंच.

मुलगा : शुक्रवारी मात्र खरंच नाही जमणार. शनिवारच्या गिऱ्हाइकीची भट्टी आदल्या दुपारीच पेटते. शुक्रवार रिकामा राहतोय.

सून : राहू दे रिकामा. फोन दे माझा.

मुलगा : अगं, रविवारी साहेबांना?

सून : (फोनवर) नमस्कार सर. सुट्टीच्या दिवशी त्रास देतेय... हो, ड्यूटीबद्दलच. शुक्रवारची दुपार बदलून सकाळ हवीय. माझ्यासोबतच्या नर्सला त्या दिवशी सकाळ लागलीय, तिला दुपारच हवीय, कालच म्हणत होती... नाही सर, तक्ता लागला म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. लावण्याआधी विचारलं असतं तर आज फोन करावा लागला नसता... अडचण घरचीच आहे. आमच्या घरातलं एक माणूस शुक्रवारी कामावर जातंय... ‘बघतो’ नको, सर. हो की नाही, तेवढं सांगा... बरं. आभारी आहे.

मुलगा : काय म्हणाले?

सून : आधी गुरगुरले. मग म्हणाले, घ्या सकाळ. लाव निळा.

सासू : बघ, विचारलं की मिळतं.

मुलगा : सोमवार, मंगळवार, गुरुवार उरले. त्याला चिमटे कुठून आणू?

सासू : मी उद्या तिच्याकडून तीन मागून आणते. पण त्याच्याआधी काहीतरी राहिलंय ना?

सून : राहिलंय. आई, सोमवार, मंगळवार आणि गुरुवार, चिमणीला आणाल का तुम्ही?

सासू : बघते.

सून : ‘बघते’ नको, आई. हो की नाही, तेवढं सांगा.