१८६९ सालची फळी

नाव एमेट रॉय ओस्टलुंड, वय १९, काम लाकडाच्या वखारीत करवतीवर, राहणार मिल स्ट्रीट, नोराडाल, मिनेसोटा.

स्वतः ठाण्यात येऊन सांगतो की, आमच्या गावच्या स्वीडिश वारसा मंडळाच्या संग्रहालयातून धुतलेल्या चादरी दाबून सपाट करायची नक्षीची लाकडी फळी एडला ब्रुनस्ट्रोम, वय ८८, यांनी शनिवारी नेली, अशी तक्रार अध्यक्ष गुनवोर सेलिनबाईंनी दिली आहे. गुन्हा नोंदला तर एडलाआजींना मंडळातून काढणार आहेत. आजी तिथं चाळीस वर्षं पाहुण्यांना माहिती सांगतात.

फळीवर १८६९ साल कोरलंय, पण ती तेव्हाची नाही. मी ती फेब्रुवारीत वखारीत कोरली, जुनी दिसावी म्हणून कॉफीत भिजवली आणि पोटमाळ्यावर सापडली असं सांगून संग्रहालयात ठेवायला दिली. देणगीच्या कागदावर सही केली नाही. सेलिनबाईंनी काचेच्या कपाटात लावली. वार्षिक जेवणात सगळ्यांसमोर खरं सांगून मजा बघणार होतो. नाताळात सजावटीला ठेवतात तो गवताचा बोकड चर्चच्या छपरावर चढवला तोही मीच, पण ते वेगळं.

मंगळवारी दुपारी चार वाजता मी आजींकडे गेलो. फळी टेबलावर होती.

मी म्हणालो, "आजी, ही खोटी आहे!"

"ओरडू नकोस, बहिरी नाही मी. अरे गाढवा, मागं वखारीचा शिक्का तसाच ठेवलायस. पहिल्याच दिवशी दिसला."

"मग नेलीत कशाला?"

"जुन्या काळी पोरगा स्वतः फळी कोरून पोरीला मागणी घालायचा. तिनं ठेवून घेतली की लग्न ठरलं. कुठली फळी कुणी कुणाला दिली, हे मी पाहुण्यांना रोज सांगते. मला कुणी दिली नाही. कॉफी घे."

मी दोन कप कॉफी घेतली. वेलचीचे पाव तीन खाल्ले.

देणगीच्या कागदावर सही नाही, म्हणजे फळी माझीच. दुसऱ्या कपानंतर मी ती एडलाआजींना दिली. शनिवार ते मंगळवारचं काय, असं साहेब विचारतात. तेव्हा माझी फळी त्यांच्याकडे होती. माझी तक्रार नाही.

आजींनी फळी ठेवून घेतली आहे. ठेवून घेतलेली फळी आमच्यात परत मागत नाहीत. त्याचा अर्थ काय होतो हे कळतं का, असं साहेबांनी हसून विचारलं. कळतं. लिहून घ्या.

जबाब मला वाचून दाखवला, मी बोललो तसाच उतरला आहे. फळीवरचं साल तेवढं खोटं.