छातीशी धरलेला बॉल

“छातीशी धर, पोरी, नुसत्या हातानं न्हाई!” टेम्पोत कलिंगडं झेलणाऱ्या लहानग्या अश्विनीला आप्पा ओरडायचे.

आज कॉलेजची फुटबॉल मॅच हरल्यावर, खेळच सोडायचा असं ठरवून, ही गोलकीपर तोंडाला स्कार्फ बांधून नगरच्या स्टँडवर पारनेर गाडीच्या रांगेत उभी होती. मागून तोच आवाज आला.

“एकाच गोलानं हरल्या. गेल्या साली नऊ गोलांनी हरल्या हुत्या.”

“हरल्या त्या हरल्याच की, पाव्हणं!” रांगेतला कुणीतरी म्हणाला.

“आवो, माझी पोरगी घारीवानी झेपावती! आख्खं मैदान गप झालं, आन् बॉल हिच्या छातीशी! पुढल्या साली बघाच तुमी.”

अश्विनीनं स्कार्फ सोडला. “आप्पा? तुमी तर घरी हुता ना?”

आप्पांनी टोपी उगीच सारखी केली.

“कंपाउंडच्या भायेर उभा हुतो, बाय. दर मॅचला असतो.”