ती खुंटी माझ्या हातची होती

गौतम सर आणि मॅडमच्या घरची सगळी मंडळी, नांदेडचे डॉक्टर लोक, मॅडमचे पेशंट. आणि सुमनताई, एवढी वर्षं दवाखान्यात मॅडमच्या हाताशी तुम्ही, आणि मागं का उभ्या? पुढं या. खुर्ची आहे इथं.

मला बोलता येत नाही असं मी म्हणणार नाही. येतं. आज बोलवत नाही, एवढंच. मॅडमना जाऊन आठ दिवस झाले. या आठ दिवसांत माझ्या हातून एक काम पुरं झालेलं नाही. उघडतो, बघतो, पुन्हा झाकून ठेवतो. थकलोय मी. त्यामुळं सावकाश बोलतो, सांभाळून घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी उत्तम. लातूरला माझं वर्कशॉप आहे. दातांच्या दवाखान्यातली खुर्ची, कॉम्प्रेसर, ड्रिल, सगळं दुरुस्त करतो. डिग्री नाही. कुणी शिकवलेलं नाही. बंद पडलेली मशिनं उघडून उघडून शिकलो. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. नांदेडात मला पहिलं काम सुजाता मॅडमनी दिलं. कुठं शिकलात, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, कुठंच नाही. तर म्हणाल्या, "बरं. माझी खुर्ची उघडा. पण जोडल्यावर जेवढे स्क्रू उरतील तेवढे मला आणून दाखवा." एकही उरला नाही. तेव्हापासून एकोणीस वर्षं.

आत्ता माझ्या आधी जे बोलले, त्यांनी मॅडमचा हात हलका होता म्हणून सांगितलं. स्वभाव शांत होता म्हणून सांगितलं. खरं आहे. पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. बोलणार कसं, सभा शोकाची आहे. पण ती गोष्ट नांदेडात फिरते, अर्धापुरात फिरते. मॅडमनी एकदा घाई केली आणि एका कलाकाराचे दात सैल झाले, अशी ती गोष्ट. ते कलाकार इथंच बसलेत. मस्तानभाई. अर्धापूरच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात.

मस्तानभाई, तुम्ही बसा. उठू नका. मला तुमच्यासमोरच बोलायचंय.

साडेचार वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून यांचे वरचे पुढचे दोन दात गेले. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला वरचे दात नसले तर तोंडात वाद्य टेकवायचं कशावर? मॅडमनी हाडात दोन इम्प्लांट बसवले. इम्प्लांट म्हणजे स्क्रूच, त्यावर नंतर दात चढतो. मस्तानभाईंचं एकच म्हणणं. "मॅडम, लग्नाचा सीझन तोंडावर आलाय. मला फुंकायला पायजे." आणि मॅडमचं एकच उत्तर. "सीझन मला विचारून येत नाही, आणि हाड तुम्हाला विचारून भरत नाही. मशीन सांगेल तेव्हा दात."

ते मशीन काय सांगतं? हाडानं स्क्रू किती पक्का धरलाय ते. स्क्रूमध्ये एक बारीक खुंटी पिळून बसवायची. तिच्या टोकाला लोहचुंबक. मशीन नुसतं जवळ धरलं, हात लावला नाही, तरी खुंटी थरथरते. पकड पक्की असेल तर थरथर वेगाची, ढिली असेल तर मंद. त्यावरून आकडा येतो. मॅडम समोरून एकदा मोजायच्या, बाजूनं एकदा मोजायच्या. दोन्ही आकडे कार्डावर लिहायच्या आणि कमी असेल तोच खरा धरायच्या. सत्तरच्या खाली आकडा असला तर दात चढवायच्या नाहीत. अशी बाई घाई करेल?

आता माझं.

त्या खुंट्या बाहेरून यायच्या. मऊ धातूच्या. आटे लवकर झिजायचे, नवी यायला महिना जायचा. मी म्हणालो, मॅडम, मी करून देतो. मॅडम म्हणाल्या, जमेल का? मला ते लागलं. जमेल का म्हणजे काय? सहा दिवस लेथवर बसलो. लांबी मायक्रोमीटरनं जुळवली. आटे जुळवले. चुंबक बसवला. फक्त तिचा देठ मला फार नाजूक वाटला. म्हणून तो मी केसभर जाड केला. टिकावी म्हणून. कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगायचं काय, मी तर सुधारणा केली होती.

एकाच स्क्रूवर दहा वेळा मोजलं. दहाही वेळा तोच आकडा. मी छाती फुगवून मॅडमना दाखवलं.

मस्तानभाईंचं दुसरं माप घ्यायच्या दिवशी मी दवाखान्यातच होतो, कॉम्प्रेसर उघडून बसलो होतो. माझ्या खुंटीवर आकडा आला त्र्याहत्तर. दुसऱ्या बाजूनं बहात्तर. मॅडमनी कार्डावर लिहिलं. मग सवयीनं आरशाच्या दांड्यानं इम्प्लांटवर हळूच टकटक केलं. थांबल्या. पुन्हा केलं. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "उत्तमराव, आवाज जरा बोदा येतोय, खणखणीत नाही. अजून महिनाभर थांबू का?"

त्या मला विचारत होत्या. दातांच्या डॉक्टर, मला. आणि मी काय म्हणालो? ऐका. मी म्हणालो, "मॅडम, कानाचं काय खरं? आकडा बघा."

दात चढले. मस्तानभाई खूश. मोंढ्यात एका वरातीत वाजवलं. दुसऱ्या वरातीत वाजवलं. चौथ्या का पाचव्या वरातीत दात हलायला लागले. पंधरा दिवसांत दोन्ही स्क्रू काढावे लागले. सीझन गेला.

त्यानंतर मॅडमनी मला लातूरहून बोलावून घेतलं. ट्रेमध्ये दोन खुंट्या ठेवल्या होत्या. एक माझी, एक बाहेरून आलेली नवी. दुसऱ्याच एका पेशंटच्या तोंडात इम्प्लांट होतं, त्यांची परवानगी घेतलेली. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मोजा. मी काही बोलणार नाही." नव्या खुंटीवर आकडा आला बासष्ट. त्याच इम्प्लांटवर माझ्या खुंटीचा आला चौऱ्याहत्तर. पुन्हा मोजलं. बासष्ट, चौऱ्याहत्तर. मॅडमनी एवढंच विचारलं, "देठ किती ठेवलाय?"

मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. देठ जाड, म्हणून ताठ. ताठ, म्हणून थरथर वेगाची. हाड ढिलं असलं तरी माझी खुंटी पक्कं आहे म्हणून सांगत होती. दर वेळी, न चुकता, सारखंच सांगत होती.

मी म्हणालो, मस्तानभाईंना मी सांगतो. मॅडम म्हणाल्या, "कशाला? तोंडात कुणी घातली ती? मी घातली. मी तपासून घ्यायला पाहिजे होती. झालं." त्यांनी मस्तानभाईंना सरळ सांगितलं, चूक माझी. का आणि कशी, काही नाही. सहा महिने थांबून नवे इम्प्लांट बसवले. आज त्यावर ते वाजवतात.

आणि मी? त्या म्हणाल्या कशाला, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. नांदेडचे चौदा दवाखाने माझ्याकडं होते. उत्तमच्या हातचं माप चुकलं, हे कळलं असतं तर किती राहिले असते? पुढं एकदा दवाखान्यात एक डॉक्टर चेष्टेनं म्हणाले, "काय मॅडम, वरातीच्या घाईचे दात कसे आहेत?" मॅडम हसल्या. मी तिथंच खुर्चीखाली होतो, हातात पाना. वर आलो नाही. दुरुस्ती संपली होती, तरी खालीच पडून राहिलो. ते डॉक्टर गेल्यावर बाहेर निघालो. मॅडमनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सुमनताईंना म्हणाल्या, उत्तमरावांना चहा द्या.

तो चहा मी प्यालो, मंडळी.

चार वर्षं त्या हे ओझं वागवत राहिल्या, आणि एकदाही माझ्याकडं बोट केलं नाही. जिवंतपणी सांगितलं असतं तर त्यांच्या कामी आलं असतं. आता कुणाच्या कामी येणार? तरी सांगतोय. ज्या डॉक्टरांना माझ्याकडून काम काढून घ्यायचं असेल त्यांनी काढून घ्यावं. मी विचारायला येणार नाही.

मस्तानभाई, तुम्ही ज्याला ज्याला सांगितलं असेल की मॅडमनी घाई केली, त्याला आता हे सांगा. मॅडम थांबायला तयार होत्या. त्यांच्या कानाला ते कळलं होतं. मी त्यांना थांबू दिलं नाही.

बास. आणखी माझ्याच्यानं होत नाही.

आता मॅडमसाठी आपण उभे राहू. किती वेळ, ते मी मोजणार नाही. मस्तानभाई बसले, की आपण बसू.